दुसऱ्या पदवीचं भांडण

मिलिंद,

तू कसा गेलास ते इथे लिहीत नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला ते सांगून झालं आहे. मंडपवाल्याचं झालं, विहाराच्या सतरंज्या परत गेल्या, लांबून आलेल्या पाहुण्यांना गाडीत बसवून दिलं. आता एकच काम उरलं आहे, आणि ते तुझ्याशिवाय पुरं होत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

भांडण प्रज्ञाचं. माझी मुलगी, तुझी भाची, एमबीबीएस होऊन इंटर्नशिपच्या शेवटाला आलेली. प्रवेशपरीक्षेला बसून एखाद्या चांगल्या विषयात एमडी करायचं सोडून तिला तुझ्यासारखं सार्वजनिक आरोग्य शिकायला जायचं आहे. जागा मिळाली आहे. सोमवारी तिथे हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला जाते. हे तिच्या डोक्यात तू भरवलंस असा माझा संशय होता, आणि शेवटच्या फोनवर मी तो तुला तोंडावर सांगितला. तू म्हणालास, "हो आक्का, मीच सांगितलं तिला." मी फोन ठेवला. दोन-चार दिवसांनी राग उतरला की परत बोलू, असं आपलं नेहमीचं. या वेळी ते दोन-चार दिवस आलेच नाहीत.

संशय घेण्याची सवय मला तुझ्याआधीपासून आहे. मुख्याध्यापिका झाल्यावर तर ती नोकरीतच जमा झाली. पण तुझ्याबाबतीत ती सुरू झाली त्या रविवारी, अंकुशनगरच्या घरी.

अण्णा तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत शिकवत होते. तू आपल्या घरातला पहिला डॉक्टर. अण्णांनी बापाच्या हौसेने जुन्या जालन्यात कापडवाल्यांच्या गल्लीत तुझ्या दवाखान्यासाठी खोली पाहून ठेवली होती. रंगाऱ्याने पाटीवर तुझं नाव लिहिलं होतं आणि अण्णांनी त्याला एमबीबीएसच्या पुढे दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायला लावली होती, एमडी झालास की भरायला. तू आलास, चहा घेतलास, आणि कप खाली ठेवून म्हणालास, "अण्णा, दवाखाना थांबू द्या. मी अजून दोन वर्षं शिकायला चाललो. सार्वजनिक आरोग्य."

"म्हंजे त्यात काय असतं?"

"पाणी, गटारी, लसी, साथी. रोग येतो कुठून, ते."

आत्या चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "बाबा, गटारीतून वर निघावं म्हणून तुला शिकवलं. अन तू डॉक्टर होऊन परत गटारच पाहाया चालला?"

कुणी हसलं नाही. तूही नाही. "आत्या, आपली माणसं गटारीत उतरली," तू म्हणालास. "गटारीकडं पाहिलं कुणीच न्हाई."

अण्णा उठून बाहेर गेले. आत्याने तव्यावरची भाकरी करपू दिली, आणि ती बाई भाकरी करपू देणाऱ्यांतली नव्हती.

त्यानंतर वसाहतीत जे बोललं जाऊ लागलं ते तुझ्या कानावर मी येऊ दिलं नाही. पोरगं नापास झालं असेल आणि घरचे लपवत असतील. शहरात कुणी मुलगी असेल. दवाखाना चालवायची धमक नसेल. मी लोकांना गप्प करत होते, पण मनातल्या मनात या तिन्ही शक्यता मीही मांडून ठेवल्या होत्या. चौथी माझी स्वतःची होती. तुझ्या हातून एखादा पेशंट गेला असेल आणि तू घाबरला असशील.

म्हणून न कळवता तुझ्या वसतिगृहात आले. चिवड्याचा डबा हे निमित्त. दार उघडून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आक्का, छापा घातलास का?"

खोलीत मुलगी नव्हती. पण टेबलावर टिकल्यांची पाकिटं होती, बायका कपाळाला लावतात त्या टिकल्यांची. लाल, चांगली पाच-सहा पाकिटं. मी एक उचललं. "ह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मिलिंद."

"अगं, भिंतीकडं बघ ना."

भिंतीवर हाताने काढलेला कुठल्याशा गावाचा नकाशा होता, आणि त्यावर सगळीकडे लाल टिकल्या. ज्या घरात जुलाब-उलट्या झाल्या त्या घरावर एक टिकली. टाचण्या महाग पडतात, टिकली आपोआप चिकटते, असं म्हणालास. एका विहिरीभोवती टिकल्यांची नुसती गर्दी झाली होती. मी नकाशा नीट पाहिला, मग पाकीट उलटं करूनही पाहिलं. कुणाचं नाव-बिव लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी तू मला त्या पोराचं सांगितलंस. अंबडकडच्या आरोग्य केंद्रात तुझी इंटर्नशिप चालू होती. एक लहान पोर जुलाबाने सुकून यायचं, तू सलाईन लावून त्याला उभं करायचास, आणि थोड्या दिवसांनी ते पुन्हा तसंच यायचं. एका खेपेला त्याचा बाप हसत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमचं पोरगं तुमचं कायमचं गिऱ्हाईक झालं." तुला ते हसणं सोसलं नव्हतं. "आक्का, मी त्याला बरं करून परत त्याच पाण्यावर धाडून राह्यलो. मंग मी डॉक्टर कशाचा?"

मला ते उत्तर पटलं नाही. फार सरळ होतं. माणसं इतक्या सरळ कारणाने पाटीवरची मोकळी जागा मोकळी ठेवत नाहीत, असं मला वाटत होतं. चिवड्याचा डबा ठेवून मी परतीची गाडी धरली, आणि चौथी शक्यता मनात तशीच राहिली.

मग छायाचं लग्न आलं. आपली धाकटी बहीण, भर उन्हाळ्यातली तारीख, अंकुशनगरला मोकळ्या मैदानावर मंडप. जेवणाचं सगळं माझ्याकडे. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, मठ्ठा. पंगती उठल्या, छाया नांदायला गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या सासरहून निरोप आला की तिकडे निम्मं वऱ्हाड आडवं झालं आहे. पाठोपाठ दुसरा निरोप, की मुलीकडच्यांनी शिळं खाऊ घातलं.

मी आचाऱ्याला बोलावून घेतलं. तू सुट्टीवर होतास. तू मोटारसायकल काढलीस, सलाईनच्या बाटल्या घेतल्यास, आणि तिकडे जाऊन आधी सगळ्यांना तपासलंस, औषधं दिलीस. इथपर्यंत तू डॉक्टर होतास आणि तिकडची माणसं तुझ्या पाया पडत होती. मग तू तुझी दुसरी पदवी बाहेर काढलीस. प्रत्येकाला विचारत सुटलास. कितव्या पंगतीला बसलात? बुंदी खाल्ली का? किती? मठ्ठा घेतला का? किती वाट्या?

मी आणि अण्णा तोवर माफी मागायला तिथे पोचलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं. छायाचे चुलतसासरे, तात्या, ओसरीवर बसले होते. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. तू त्यांच्यापुढे जाऊन बसलास.

"तात्या, तुम्ही बुंदी किती घेतली?"

"मी धडधाकट हाय. मला कामून विचारून राह्यला?"

"जे आजारी न्हाईत त्यांनाबी विचारावं लागतं. त्यांच्यावरूनच तर कळतं."

तात्या उभे राहिले. सगळं घर ओसरीवर जमलं. "ऐका रे! पाहुण्यांनी किती बुंदी हाणली ते मोजाया पोरगं धाडलंय ह्यांनी! आता डकारा किती दिल्या तेबी सांगतो, लिहून घे."

लोक हसले. अण्णांनी मान खाली घातली. आपल्या माणसांत जेवू घालून नंतर काय-काय खाल्लं विचारणं याच्याइतकं वाईट काही नाही, हे तुला शिकवणाऱ्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, तुला होतं. तरी तू विचारत राहिलास. ढेकरांसकट.

संध्याकाळी परतताना तू मला म्हणालास, "मठ्ठा." पहिल्या पंगतीतलं कुणीच आजारी नव्हतं. मठ्ठा त्यांनीही प्यायला होता, पण तेव्हा त्यात बर्फ पडलेला नव्हता. नंतरच्या पंगतींना तो गार करून वाढला. बर्फाच्या लाद्या शहागडजवळ हायवेवरून आल्या होत्या, मासे भरायच्या, गोणपाटात गुंडाळून. आणि त्या आणल्या होत्या तात्यांनीच, हौसेने, स्वतःच्या टेम्पोत. दातांना गार सोसत नाही म्हणून स्वतः मात्र वाटीभरही प्यायले नव्हते.

मी गाडी तिथेच थांबवायला लावली. म्हटलं, परत चल, सगळ्यांसमोर सांग. तू ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी एकटा गेलास, तात्यांना त्यांच्या उसात गाठून सांगितलंस की प्यायचा बर्फ आणि मासे भरायचा बर्फ वेगळा असतो, आणि परत आलास. बस. "आक्का, मला कुणाचं नाव नको होतं. रोगाची वाट पाहिजे होती. वाट बंद झाली."

मला नाव पाहिजे होतं. आजही पाहिजे आहे. छायाच्या सासरी आजही लग्नांच्या जेवणाचा विषय निघाला की कुणीतरी आपल्याकडे बघून गालात हसतं. तू वाट बंद केलीस, पण बोट आपल्याकडेच राहिलं. तुझ्या शास्त्रात अशा बोटांचा काही हिशेब असतो का, हे मी तुला दर दिवाळीला विचारायचे आणि तू ताटातली चकली मोडत हसायचास.

पुढे तू दोन्ही करत राहिलास. सकाळी गावं, संध्याकाळी जुन्या जालन्यातला दवाखाना. पाटीवरच्या दोन अक्षरांच्या जागेत रंगाऱ्याने सार्वजनिक आरोग्याचं एमपीएच कसंबसं कोंबलं. लोक विचारायचे, "हे कशाचे स्पेशालिस्ट?" तू सांगायचास, "पाण्याचा." मग माणसं खरोखर बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन रांगेत बसायला लागली आणि तू त्या बाटल्यांनाही नंबर द्यायला लागलास. दवाखान्यांतले डॉक्टर तुला आकडेवाला म्हणायचे. कचेरीतले म्हणायचे, "साहेब, तुम्ही पेशंट बघा, अहवालाचं आम्ही बघतो." दोन्हीकडे तू पाहुणा, असं मला वाटायचं. तू ते कधी कबूल केलं नाहीस.

गावांचं मला भय वाटायचं ते वेगळ्या कारणाने. अनोळखी गावात शिरून पहिला प्रश्न काय, तर पाणी कुठलं पिता? वरच्या आळीतली माणसं कुठल्या विहिरीवर भरतात, खालच्या आळीतली कुठल्या हातपंपावर? आपल्याकडे हा प्रश्न कुणी कुणाला सहज विचारत नाही. विचारलाच तर उलट प्रश्न येतो, "साहेब, तुम्ही कोणत्या गावचे? आडनाव काय म्हणालात?" तू आडनाव सांगायचास, आणि मग काही घरांत चहा यायचा, काही घरांत यायचा नाही. मी म्हणायचे, "तुला हाच एक प्रश्न सापडला का?" तू म्हणायचास, "चहा कुठं येत न्हाई तेबी लिहून घेतो. तिथलं पाणीबी बहुतेक वेगळं असतं." ही थट्टा होती की खरंच तसं लिहून घ्यायचास, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक गोष्ट मला या सगळ्याहून जास्त खटकते. गेला काही काळ तू जेवल्यावर ॲसिडिटीच्या गोळ्या चघळायचास. छातीत जळजळतं म्हणायचास. मी म्हटलं, दाखव कुणाला तरी. "मीच डॉक्टर आहे," म्हणालास. दुसऱ्या कुणी तुला हेच सांगितलं असतं तर तू त्याला हाताला धरून कार्डिओग्राम काढायला नेलं असतंस. तुला समजलं नव्हतं यावर माझा विश्वास नाही. समजलं होतं आणि गप्प बसलास यावरही नाही. या दोन्हींच्या मधे काही तिसरं असलं तर ते मला सापडत नाही, आणि विचारायला जायचं कुणाकडे?

तुझा जलदान विधी विहारात झाला. भन्तेजींनी परित्राण म्हटलं, मेणबत्त्या लागल्या, आम्ही सगळ्यांनी पाण्याची धार धरली. अण्णा असते तर मागच्या भिंतीला टेकून बसले असते. तात्या आले होते, आता बरेच थकलेत. मी पाण्याचा पेला पुढे केला तर माझ्याकडे बघून म्हणाले, "फिल्टरचं हाय ना बाई?" टोमणा असावा असं मला वाटलं. माझ्या तोंडाशी त्या बर्फाची गोष्ट आलीच होती. तेवढ्यात त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागले. मी पुढच्या माणसाकडे गेले.

मग भाषणं. समाजाचे एक पदाधिकारी उठले आणि प्रज्ञाकडे हात करून म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचं अपुरं काम त्यांची भाची पुरं करणार आहे. हीच त्यांची अखेरची इच्छा होती." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने वर बघितलं नाही. माझी मुलगी मान खाली घालते तेव्हा काहीतरी लपवत असते, हे मी तिच्या पहिलीपासून बघत आले आहे.

माझा हिशेब लगेच झाला. अखेरची इच्छा ही बातमी पदाधिकाऱ्यांपर्यंत पोचवली हिनेच. मेलेल्या मामाच्या नावाला आई नाही म्हणणार नाही, हे ओळखून. मला फार राग आला. तुझाही आला. तू जिवंतपणी तिला फूस लावलीस आणि आता जाऊनही तिच्या बाजूने उभा राहिलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परसात भाड्याची मोठी पातेली घासत होतो. मी विचारलं, "त्या साहेबांना अखेरची इच्छा कुणी सांगितली?"

"मला न्हाई माहीत, मम्मी. मी न्हाई सांगितली."

"मंग मान कामून खाली घातली?"

ती पातेलं घासत राहिली. पातेलं आतून स्वच्छ झालं होतं तरी घासत राहिली.

"प्रज्ञा."

"कारण ते खोटं होतं. मामा न्हाई म्हणाला होता मला."

"काय न्हाई म्हणाला?"

"जाऊ नको म्हणाला. एमडी कर म्हणाला. एकच कर म्हणाला, दोन्ही करू नको."

मी नळ बंद केला. मिलिंद, तुला ओळखणाऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता, आणि मी तर मी आहे. कधी म्हणाला, कुठे, आणखी कोण होतं, मामाने चहा घेतला होता का? ती रडायला लागली तरी मी विचारलं. जेवताना पुन्हा विचारलं, तिचे बाबा समोर असताना. उत्तर फिरलं नाही. आणि मग तिने असं एक वाक्य सांगितलं जे तिला रचता येणार नाही, कारण ते तुझ्या तोंडचं होतं.

"मामा म्हणाला, आक्काला सांगू नको मी न्हाई म्हणालो म्हणून. ती माझ्याशी भांडून राह्यली तवर बराबर आहे. तुझ्याशी भांडली तर तू घर सोडशील अन ती जेवण."

तिचे बाबा हसले. मीही हसले असते.

म्हणजे त्या फोनवर तू खोटं बोललास. "हो आक्का, मीच सांगितलं," म्हणालास आणि माझं सगळं ऐकून घेतलंस. मी तुला काय-काय म्हटलं ते इथे परत लिहीत नाही, तू ऐकलं आहेस. पण त्याबद्दल मी माफी मागणार नाही, मिलिंद. तू मला खरं सांगायला हवं होतंस. तू कधी खोटं बोलत नाहीस असा माझा समज होता, आणि आता तुझं आयुष्यभराचं बोलणं मला पुन्हा तपासायला लागणार. छातीतली जळजळ धरून.

तू तिला 'नाही' का म्हणालास, तेही तिने सांगितलं. एका गावात साथ आली होती. सरकारी दवाखान्यात खाटा भरलेल्या. एक बाई मांडीवर पोर घेऊन जमिनीवर बसली होती आणि तू तिला विचारत होतास, विहीर कोणती, पाणी कधी भरलं, शेजारी कुणाला झालं का? ती म्हणाली, "साहेब, आधी ह्याच्याकडं बघा ना." तू बघितलंस. पोराचं जे व्हायचं ते तोवर झालं होतं. तुझ्या विचारण्यामुळे झालं असं नाही. कुणीही वाचवू शकलं नसतं, असं बाकीचे डॉक्टर म्हणाले. पण तू प्रज्ञाला म्हणालास, "दोन्ही शिकलं की समोरच्या माणसामागं शंभर माणसं दिसायला लागतात. चांगलंच आहे ते. फक्त समोरचा दिसतो का, ते रोज बघावं लागतं. मला हरेक वेळी जमलं न्हाई. तू कशाला यात पडती?"

म्हणजे माझी चौथी शक्यता अगदीच चूक नव्हती, फक्त चुकीच्या वर्षात मांडली होती. एवढं तू मनात ठेवून वर्षानुवर्षं माझ्या घरी चकल्या खाल्ल्यास आणि मला, सगळ्यांची उलटतपासणी घेणाऱ्या बहिणीला, त्याचा पत्ता लागू दिला नाहीस.

आता माझं ऐक. तुझं म्हणणं मला मान्य नाही.

अण्णांच्या शेवटच्या आजारात तू इथे होतास. मी औषधांच्या वेळा सांभाळत होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघत होते, डॉक्टर बदलायचा का यावर सगळ्यांशी वाद घालत होते. तू त्यांच्या पायथ्याशी बसून होतास. तळपाय हातात धरून. एकदाही कुठली पाण्याची टाकी पाहिली नाहीस, कुणाला काही विचारलं नाहीस. मला त्या वेळी तुझा राग आला होता, की दोन-दोन पदव्या घेऊन हा नुसता पाय धरून बसलाय. अण्णांनी शेवटचा दिवस सगळा तुझ्याकडे बघत काढला, माझ्याकडे नाही. समोरचं माणूस दिसणं आणखी कशाला म्हणतात? त्या बाईपाशी तू एक क्षण चुकला असशील. त्या क्षणावरून तू स्वतःचा सगळा निकाल लावलास, आणि तोच तिच्यावरही लावायला निघालास. आजारी पडलेल्यांनाच विचारून कारण सापडत नाही, असं तूच सांगायचास. मग स्वतःच्या बाबतीत तू फक्त बिघडलेलं तेवढं का मोजलंस?

माझा विरोध कशासाठी होता ते तुला माहीत होतं. ती तुझ्यासारखी दोन्हीकडे पाहुणी होऊ नये, कुणी तिला ओसरीवर बसवून आडनाव विचारू नये, आणि तिने निदान एका पाटीवर सुखाने नाव लावावं. हे सगळं अजूनही मला वाटतं. यातलं काहीही बदललेलं नाही. पण तुझं कारण ऐकल्यावर माझं कारण मला लहान वाटायला लागलं. कुणाला त्या बाईचं बोलणं इतकी वर्षं ऐकू येत राहत असेल, तर तसं ऐकू येणारी आणखी माणसं तिथे गेली पाहिजेत. नाही तर ते सगळं कचेरीतल्यांच्याच हाती राहील.

काल मी प्रज्ञाला सांगितलं, जा. तिला पटेना. "मम्मी, तू रागानं म्हणून राह्यली का? मामासाठी? का लोक काय म्हणतील म्हणून?" मी म्हटलं, न्हाई. "मंग खरं कारण सांग." मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने परत येऊन तेच सगळं पुन्हा विचारलं, दुसऱ्या शब्दांत. आता घरात तिच्या बॅगा भरणं चालू आहे, आणि दर थोड्या वेळाने ती माझ्याकडे संशयाने बघते.

तर, मिलिंद, आपल्या बाजू अशा बदलल्या आहेत. जा म्हणणारी मी आणि नको म्हणणारा तू. तुझ्याशी भांडायला माझ्याकडे आता चांगले मुद्दे आहेत, यापूर्वी नव्हते इतके चांगले, आणि मी ते सकाळपासून स्वयंपाकघरात मोठ्याने बोलते आहे. तू मधे बोलत नाहीस म्हणून ते फार लवकर संपतात.

सोमवारी पहाटेच्या गाडीने ती निघेल. तिला सोडायला मीच जाणार आहे. तुझी काही हरकत असेल तर त्याआधी सांग.

तुझी,
आक्का